मस्कतच्या मराठी मंडळींना, त्या खाडीतल्या कबरीबद्दल

मस्कत, मत्राह, रुवी, दारसेत, घुब्रा आणि पार सीबपर्यंत पसरलेल्या माझ्या मराठी मंडळींना सप्रेम नमस्कार.

एकोणीस वर्षं मी तुमच्यातली एक होते. तुमच्यापैकी अनेकांच्या मुलांना मी मराठी शिकवलं, दिवाळीत तुमच्या घरच्या चकल्या खाल्ल्या, आणि अवघड दिवसांत तुम्हीच माझ्या दाराशी डबा घेऊन उभे राहिलात. निवृत्तीनंतर मी केडगावला, माझ्या माहेरच्या गावी परतले. तरी फोनवरच्या आपल्या गटातून तुमच्यात असतेच.

गेल्या महिन्यात त्या गटात विषय निघाला की उन्हाळा सरला, आता थंडीच्या सहलीला कुठं जायचं. कुणी निझवा म्हटलं, कुणी वादी शाब, कुणी कासवांचा किनारा. मी लिहिलं, यंदा मस्कतजवळच्या त्या खाडीत होडीनं जा, तिथं एका बिशपांची कबर आहे. त्यावर एकानं उत्तर दिलं, "काकू, पाद्र्याची कबर बघायला कशाला जायचं? आपला काय संबंध?" खाली तीन-चार अंगठे उमटले आणि बोलणं बसच्या भाड्याकडे वळलं. उत्तर देणारा मुलगा माझ्या घरी जेवलेला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. "आपला काय संबंध" याचं उत्तर फोनवर चार ओळींत मावणारं नव्हतं. म्हणून हे पत्र.

८ फेब्रुवारी १८९१ या दिवशी सहासष्ट वर्षांचा एक इंग्रज मस्कत बंदरात उतरला. नाव टॉमस व्हॅल्पी फ्रेंच. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ते लाहोरचे बिशप होते, तेही तिथले पहिलेच. पंजाब आणि सिंध हा अख्खा मुलूख त्यांच्या धर्मप्रांतात होता. मस्कतला मात्र त्यांना कुठल्याच संस्थेनं पाठवलेलं नव्हतं. युगांडात काम केलेल्या अलेक्झांडर मॅके नावाच्या मिशनऱ्यानं आफ्रिकेतून कळवळून लिहिलं होतं, की पूर्व आफ्रिकेशी व्यापार आणि गुलामांची ने-आण करणारे अरब मस्कतचे आहेत, तेव्हा त्यांच्याशी बोलायचं तर मस्कतला जाऊन बोला. ते आवाहन बऱ्याच जणांनी वाचलं, कोणी पुढं आलं नाही, तेव्हा फ्रेंच स्वतः निघाले. इजिप्तमध्ये एक तरुण सोबती मिळाला होता, तोही काही दिवसांनी परतला. मग ते एकटेच.

आता थोडं मागं जाते, कारण एवढंच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, एक म्हातारा धर्मवेडा होता, संपलं.

त्यांचा जन्म १ जानेवारी १८२५ चा, इंग्लंडमधल्या बर्टनचा. वडील पाद्री. रग्बीची शाळा, मग ऑक्सफर्ड. तिथं ग्रीक-लॅटिनमध्ये पहिला वर्ग मिळवला आणि पुढं कॉलेजची फेलोशिपही. आयुष्यभर पुस्तकांत सुखानं बसता आलं असतं. १८५० मध्ये चर्च मिशनरी सोसायटीनं त्यांना हिंदुस्थानात पाठवलं, आग्र्याला कॉलेज काढायला. ते सेंट जॉन्स कॉलेज आजही आग्र्यात भरतं. त्याच जहाजानं निघालेले त्यांचे मित्र एडवर्ड स्ट्युअर्ट पुढं न्यूझीलंडमध्ये बिशप झाले, आणि म्हातारपणी पद सोडून साधे मिशनरी म्हणून इराणला गेले. दोघा मित्रांची आयुष्यं शेवटी अशी सारखी वळली, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आग्र्यात फ्रेंच यांनी भाषांचा ध्यास घेतला. उर्दू, हिंदी, फारसी, अरबी, पुढं सरहद्दीवर पश्तो. लोक त्यांना "हफ्त-जबानी पादरी" म्हणू लागले, सात जिभांचा पाद्री. तुमच्यातले जे साइटवर, दुकानात, दवाखान्यात काम करता करता अरबी, मल्याळम, बलुची असं सगळं थोडंथोडं शिकलात, त्यांना हे नाव किती मानाचं आहे ते वेगळं सांगायला नको. परक्याची भाषा शिकणं म्हणजे त्याच्यापुढं रोज लहान होणं. हा माणूस ते चाळीस वर्षं करत राहिला.

एप्रिल १८५४ मध्ये आग्र्यात दोन दिवसांचा एक जाहीर वाद झाला. एका बाजूला कार्ल प्फांडर हे जर्मन मिशनरी आणि त्यांच्या शेजारी तरुण फ्रेंच, दुसऱ्या बाजूला मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि डॉक्टर वझीर खान. मिशनऱ्यांना वाटत होतं, आपण कुराणावर प्रश्न विचारू. झालं उलटंच. वझीर खानांनी युरोपातच छापलेले बायबलचे टीकाग्रंथ अभ्यासलेले होते. बायबलच्या जुन्या हस्तलिखितांत पाठभेद आहेत, हे त्यांनी समोरच्यांकडून सगळ्यांदेखत कबूल करून घेतलं. शहरात त्या वादाचा निकाल मौलानांच्या बाजूनं गेला असंच मानलं गेलं. मिशनरी चरित्रं हा प्रसंग घाईत उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. आपलं ज्ञान कमी पडलं हे एकोणतीस वर्षांच्या विद्वानाला इतक्या लोकांसमोर कळलं, आणि तरी तो गाव सोडून गेला नाही, तिथंच शिकवत राहिला.

मग १८५७. आग्र्याकडे बंडाच्या बातम्या येत होत्या, गोरे लोक किल्ल्यात आसरा घ्यायला धावत होते. त्या गडबडीतही फ्रेंच कॉलेजात वर्ग घेत बसले होते आणि पोरं त्यांच्यापुढं बसून शिकत होती, असं पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. पुढं किल्ल्याचे दरवाजे बंद होण्याची वेळ आली, तेव्हा हिंदुस्थानी ख्रिस्ती लोकांना आत घ्यायला अधिकारी तयार नव्हते. फ्रेंच म्हणाले, यांना घेणार नसाल तर मीही बाहेरच राहतो. त्यांच्या या हट्टामुळे ती माणसं आत घेतली गेली. हा प्रसंग मी वर्गात मुलांना सांगत असे. एकदा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग बाकीच्या लोकांचं काय झालं, जे ख्रिस्ती नव्हते?" मी गप्प झाले. तिचा प्रश्न बरोबर होता, आणि या माणसाबद्दल बोलताना तो कायम सोबत ठेवावा असं मला वाटतं. त्यांनी स्वतःच्या माणसांसाठी जीव धोक्यात घातला. पण "आपली माणसं" म्हणजे कोण, त्याची रेघ त्यांच्या काळानं आणि धर्मानं आखून दिलेली होती.

मधली वर्षं भराभर सांगते. १८६२ मध्ये सिंधूपलीकडे देराजातमध्ये नवं मिशन सुरू करायला गेले, तिथं उन्हाचा तडाखा बसून रानात बेशुद्ध सापडले, प्रकृती ढासळली, मायदेशी परतावं लागलं. १८६५ ते १८६९ चेल्टनहॅमच्या सेंट पॉल्स चर्चचे धर्मगुरू. चेल्टनहॅम हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. १८६९ मध्ये पुन्हा हिंदुस्थान. १८७० मध्ये लाहोरला धर्मशिक्षणाची शाळा काढली, आणि तिथं त्या काळात फारसं कोणी करत नव्हतं ते केलं: शिकवणं उर्दूतून. हिब्रू आणि ग्रीक हे मूळ ग्रंथांचे दोन दरवाजे, तेही इंग्रजीला मध्ये न घालता उर्दूतूनच उघडून द्यायचे. हिंदुस्थानी ख्रिस्ती माणसानं हिंदुस्थानी राहूनच, आपल्या भाषेत विचार करून धर्मशास्त्री व्हावं असं त्यांचं म्हणणं. आपण मस्कतला आपल्या पोरांचं मराठी टिकावं म्हणून दर शुक्रवारी दोन तास भांडतो. दीडशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाला मातृभाषेतून शिकण्याची किंमत कळली होती, हे मी तिथं असताना आपल्या पालकसभेत सांगायला हवं होतं.

२१ डिसेंबर १८७७ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. दहा वर्षं कारभार केला. उर्दू प्रार्थनापुस्तकाच्या दुरुस्तीत खपले, गावोगाव हिंडले, १८८३ मध्ये इराणमार्गे मायदेशी गेले. लाहोरचं मोठं कॅथेड्रल २५ जानेवारी १८८७ ला उघडलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. बांधून पूर्ण झालेल्या घरात राहायला न थांबता निघून जाणारी माणसं आपल्याकडे साधुसंतांत सापडतात, अधिकाऱ्यांत क्वचितच.

आता चेल्टनहॅम. आणि आता ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले तो भाग.

मी केडगावची. म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या गावची. आमचं घर ख्रिस्ती नाही. पण माझी आजी लहानपणी पणजीबरोबर तिथं भाजी द्यायला जायची आणि तिनं रमाबाईंना डोळ्यांनी पाहिलेलं. पांढरं नेसलेली, कमी ऐकू येणारी, सतत कागदांत वाकलेली बाई, अशी आजीची आठवण. ते कागद म्हणजे तिचं बायबलचं मराठी भाषांतर. मूळ हिब्रू-ग्रीक शिकून तिनं ते केलं, मुक्तीतल्याच छापखान्यात बायकांच्या हातून छापून घेतलं, आणि काम हातावेगळं होतंय तोच ५ एप्रिल १९२२ ला गेली. आमच्या गावात तिला आजही बाई म्हणतात. नुसतं "बाई".

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला लेकीसह बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात, डोरोथिया बील या मुख्याध्यापिकेच्या हाताखाली, शिकायला आणि संस्कृत शिकवायला आल्या. बील बाईंना वाटलं, हिच्या विद्येचा उपयोग तरुण पुरुषांनाही शिकवण्यासाठी व्हावा. त्याला विरोध झाला, आणि तो कुणाकडून झाला? मुंबईचे बिशप माइल्न, आणि लाहोरचे बिशप फ्रेंच. म्हणजे याच चेल्टनहॅममध्ये पंधरा-वीस वर्षांपूर्वी धर्मगुरू असलेले आपले हे हफ्त-जबानी फ्रेंच. त्यांच्या म्हणण्याचा सूर असा की एका हिंदुस्थानी बाईनं तरुण पुरुषांना शिकवलं हे हिंदुस्थानात कळलं, तर तिचं तिथलं वजन कायमचं जाईल. जणू हिंदुस्थान काय आहे ते रमाबाईंपेक्षा या दोघांना जास्त ठाऊक होतं.

मंडळी, ही बाई कोण होती ते आठवा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गावानं त्रास दिला, तेव्हा ते गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. तिथंच रमाबाईंचा जन्म. पुढं सगळं कुटुंब तीर्थातीर्थावर पुराण सांगत हिंडलं. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. भावाबरोबर पायी देश पालथा घातला आणि कलकत्त्यात पंडितांच्या सभेत या विशीतल्या मुलीला "पंडिता" आणि "सरस्वती" म्हणून गौरवलं गेलं. ते पंडित पुरुषच होते. आणि तिला आता हे दोन इंग्रज बिशप सांगत होते की पुरुषांना शिकवणं तिच्या देशात बसणार नाही.

तिनं बील बाईंना लिहिलेलं उत्तर छापील पत्रव्यवहारात आहे. त्याचा आशय असा: माझ्या आईनं आणि मी तरुण पुरुषांना शिकवण्याला ना माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली, ना माझ्या नवऱ्यानं, मग इतरांनी ती घ्यावी याचं मला नवल वाटतं. पुढं १८८५ मध्ये वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनना तिनं आणखी स्पष्ट लिहिलं, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मानेवरून मोठ्या कष्टानं काढलंय, आता तसलंच दुसरं जू मी घालून घेणार नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये हा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत प्रसिद्ध केला. मला तो निवृत्तीनंतर हाती लागला. तोवर मला खाडीतले बिशप ठाऊक होते आणि आमच्या गावची बाई ठाऊक होती. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली होती, आणि तीही हजारो मैल लांब चेल्टनहॅममध्ये, हे त्या रात्री कळलं. मी पहाटेपर्यंत वाचत बसले.

आधी मला फार राग आला. ज्यानं आग्र्याच्या किल्ल्याच्या दारात "यांना घ्या, नाहीतर मी बाहेर" म्हटलं, त्याच माणसानं दुसऱ्या एका दारात उभं राहून एका बाईला "तू नको" म्हटलं. ज्यानं लाहोरला हट्टानं सांगितलं की हिंदुस्थानी माणसाला त्याच्या भाषेतून, त्याच्या रीतीनं शिकू द्या, त्याला एक हिंदुस्थानी बाई स्वतःच्या रीतीनं शिकवते हे सोसेना. मी त्यांना माफ करायचं किंवा शिक्षा द्यायची, हा माझा अधिकार नाही. मला इतकंच हवं आहे की त्यांची गोष्ट सांगताना हे दोन्ही दरवाजे सांगितले जावेत. मिशनरी चरित्रांत पहिलाच दरवाजा असतो. रमाबाईंवर लिहिणारे दुसराच सांगतात, आणि त्यात फ्रेंच म्हणजे नुसता "लाहोरचा बिशप" असा एक नावाचा शिक्का उरतो, ज्याचं पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही.

पुढं काय झालं ते तुमच्या गावात झालं.

मस्कतच्या आणि मत्राहच्या गल्ल्यांत ते हातात अरबी बायबल घेऊन बसत आणि वाचून दाखवत. कोणी ऐके, कोणी वाद घाले, कोणी निघून जाई. धर्मांतर घडवायलाच ते आले होते, यात शंका नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला ते आवडत नसेल तर तो तुमचा हक्क आहे. मलाही ती भूमिका पटत नाही. पण बाजारात बसून पोथी वाचणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं चित्र डोळ्यांपुढं आणलं की मला अनंतशास्त्री डोंगरे दिसतात. तेही असेच देवळाच्या ओवरीत, घाटावर, अनोळखी गावात पुराण उघडून बसायचे, ऐकणारा येईल तेव्हा येईल. एकाच्या मुलीला दुसऱ्यानं अडवलं, आणि शेवटी त्याच्या वाट्यालाही तेच बसणं आलं. १८८४ मध्ये लाहोरच्या बिशपांना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं का, कोण जाणे.

मे महिन्यात मस्कत कसं असतं ते मी तुम्हाला काय सांगू. दिवसा तापलेले ते काळे डोंगर रात्रभर उष्मा सोडत राहतात. तेव्हा पंखा नाही, वीज नाही, थंड पाणी नाही. त्या उन्हात हे सहासष्ट वर्षांचे गृहस्थ होडीनं सीबला गेले, तिथून आत डोंगरातल्या गावांकडे जायचं मनात होतं. ज्या उन्हानं एकोणतीस वर्षांपूर्वी सिंधूकाठी त्यांना आडवं केलं होतं, त्यानंच इथंही गाठलं. तशा अवस्थेत त्यांना मस्कतला परत आणलं आणि १४ मे १८९१ ला ते गेले. मस्कतला उतरल्यापासून पंचाण्णव दिवस. मस्कत आणि सिदाबच्या मध्ये, तिन्ही बाजूंनी खडक आणि समोर समुद्र अशा एका अरुंद खाडीत, खलाशांच्या कबरींशेजारी त्यांना पुरलं.

आणि तरीही कोणी म्हणेल की एका मराठी बाईशी त्यांचा कधीकाळी वाद झाला, एवढ्यानं मस्कतचा आणि आपला संबंध कसा जुळतो? तर ऐका. त्या वर्षी मस्कतच्या ब्रिटिश एजन्सीचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या तिथल्या कचेरीचा, डॉक्टर कोण होता? आत्माराम सदाशिव जयकर. मुंबईचे. हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेतले हे डॉक्टर आपल्या आयुष्याचा मोठा भाग मस्कतला राहिले. रोग्यांना तपासता तपासता त्यांनी तिथले मासे, सरडे, साप, प्राणी गोळा करून लंडनच्या संग्रहालयाला पाठवले. डोंगरात दिसणारा तो अरबी ताहर, ज्याच्या रक्षणासाठी ओमाननं अभयारण्य राखलं आहे, त्याच्या शास्त्रीय नावात "जयकरी" आहे. एका सरड्याच्या नावात आहे, वाळूतल्या एका सापाच्या, समुद्रातल्या एका घोडमाशाच्या. ओमानी अरबी बोलीवर त्यांनी १८८९ मध्ये शोधनिबंध छापला, पुढं ओमानी म्हणींचा संग्रह केला. फ्रेंच उतरले तेव्हा मस्कत हे तटबंदीच्या आत मावणारं लहानसं गाव होतं. त्या गावात एक इंग्रज अरबी बायबल वाचत होता आणि एक मुंबईकर डॉक्टर अरबांच्या म्हणी टिपत होता. दोघेही परक्याच्या भाषेपुढं वाकलेले. एकाला सांगायचं होतं, दुसऱ्याला ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर मला डॉक्टरांची रीत जास्त जवळची वाटते.

मी मस्कतला एकोणीस वर्षं राहिले आणि जयकरांचं नाव मला तिथल्या एकाही मराठी माणसाच्या तोंडून कळलं नाही. माझ्या वर्गात मी कधी सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. आपल्या मुलांना वाटतं की मराठी माणूस मस्कतला कंपनीच्या व्हिसावर सत्तर-ऐंशी सालानंतर आला. त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आणखी एक. फ्रेंच गेल्यावर दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, अमेरिकन मिशनचे पीटर झ्वेमर मस्कतला आले. त्या मिशनचे डॉक्टर पुढं पिढ्यान् पिढ्या तिथं राहिले. मत्राहचं रहमा हॉस्पिटल त्यांचंच. तुमच्यातल्या ज्या नर्स भगिनी आज तिथल्या सरकारी दवाखान्यांत रात्रपाळ्या करतात, त्यांच्या वाटेवर आधी कोण चाललं होतं ते या कबरीपासून शोधत आलं तर सापडतं.

मी तिथं एकदाच गेले आहे. हे होते तेव्हा, आणि शाळेतल्या माझ्या एक मल्याळी सहकारी. एका कोळ्यानं आपल्या होडीतून नेलं. खाडीत शिरल्यावर वारा थांबतो. पाणी इतकं स्वच्छ की होडीची सावली तळावर दिसते. गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरलो. उन्हानं पांढरे पडलेले दगड, बरेचसे खलाशांचे, विशीतल्या पोरांचे. त्या पोरांच्या आयांना कबर कुठं आहे हे तरी कळलं असेल का, असं माझ्या सोबतिणीनं विचारलं. बिशपांचं नाव वाचता आलं. आम्ही तिथं पाणी शिंपडलं. कोळ्यानं लांबूनच हात उचलून काहीतरी पुटपुटलं, त्याचा धर्म वेगळा, तरी मेलेल्या माणसाला त्यानं सलाम केला. त्या वेळी मला रमाबाईंच्या पत्राचा पत्ता नव्हता.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे, आणि ती मी अगदी मनापासून करते आहे. यंदाच्या थंडीत तिथं जा. मुलांना न्या. बाईंचं ते उत्तर, वडिलांनी आणि नवऱ्यानं हरकत घेतली नाही असं सांगणारं, मराठी करून सोबत न्या. माझ्याकडे मी केलेलं भाषांतर आहे, हवं असेल त्याला पाठवते. ते त्या कबरीपाशी उभं राहून एखाद्या मुलीनं मोठ्यानं वाचावं. चौथीत तो प्रश्न विचारणारी ती मुलगी आता कॉलेजात असेल. सुट्टीला आली असेल तर तिलाच वाचू द्या. मग आग्र्याच्या किल्ल्याची गोष्टही सांगा, तीही पूर्ण, तिच्या प्रश्नासकट. परतताना होडीतून डोंगरांकडे बघत डॉक्टर जयकरांचं नाव घ्या. सहलीचा बाकी दिवस कॉर्निशवर घालवलात तरी चालेल.

जाण्याआधी परवानगी लागते का ते नीट विचारून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र बहुतेक शांत असतो, तरी सकाळी लवकर निघा. दुपारनंतर वारा सुटतो. किनारा गोट्यांचा आहे, चपला नकोत, बूट घाला. लहान मुलांना होडीतून उतरवताना दोघा मोठ्यांनी आधी पाण्यात उतरून उभं राहावं. पिण्याचं पाणी सगळ्यांपुरतं न्या, तिथं सावली नाही. आणि एक बाटली जादा घ्या, शिंपडायला.

तुमची,
केडगावची काकू